फवाऱ्यातून धातूची पूड: नायट्रोजन लावूनही ऑक्साइडच का येतो?

पैनगंगा_काठ
नमस्कार मंडळी. मी मेहकर तालुक्यातली, एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाला स्प्रे पायरोलिसिस घेतलंय. निकेल नायट्रेटचं ०.१ मोलर द्रावण अल्ट्रासॉनिक नेब्युलायझरवर ठेवायचं, उठलेलं धुकं वायूच्या झोतासोबत ७०० अंश सेल्सिअसच्या क्वार्ट्झ नळीतून न्यायचं आणि पलीकडच्या फिल्टरवर पूड गोळा करायची, अशी मांडणी आहे.

कॉम्प्रेसरची हवा लावली की राखाडी-हिरवट पूड येते. तो निकेल ऑक्साइड, हे कळतं. पण मला निकेल धातू हवाय. म्हणून नायट्रोजनचं सिलिंडर लावलं. तरी पूड तीच. चुंबक खाली धरलं तर हलतसुद्धा नाही.

हवा बंद केल्यावर ऑक्सिजन येतो कुठून? आणि हायड्रोजनचं सिलिंडर न आणता काही मार्ग आहे का? आमच्या कॉलेजात ते ठेवू देत नाहीत, आणि छोट्या खोलीचा विचार केला तर मलाही ते बरोबर वाटतं.

वरुड_संत्रा
ताई, तापमान वाढवून बघितलं का? ९०० वर नेलं तर ऑक्साइड मोडेल ना?

जुनी_भट्टी
वरुडवाले भाऊ, निकेलच्या बाबतीत नाही मोडणार. मी बरीच वर्षं धातूच्या पुडींच्या कामात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गरम केल्यावर ऑक्साइडमधला ऑक्सिजन सुटायचा असेल, तर भोवतीच्या वायूत ऑक्सिजन एका मर्यादेपेक्षा कमी असावा लागतो. प्रत्येक धातूची ही मर्यादा वेगळी, आणि तापमानानुसार ती सरकते. ७०० अंशांवर निकेलसाठी ती मर्यादा एका वातावरण दाबाच्या ०.०००००००००००००००१ पटीच्याही खाली आहे. दशांश चिन्हापुढची शून्यं मोजा म्हणजे अंदाज येईल. बाजारात ९९.९९९ टक्के शुद्ध म्हणून मिळणाऱ्या नायट्रोजनमध्ये उरलेली अशुद्धी असते दहा लाखांत दहा भाग. त्यातला थोडाच भाग ऑक्सिजन धरला, तरी निकेलला तो कित्येक अब्ज पटींनी जास्त झाला. ९०० अंशांवर मर्यादा वर सरकते खरी, पण तरी एवढ्या खाली राहते की सिलिंडरच्या शुद्धतेने तिथे पोचता येत नाही.

म्हणजे नायट्रोजनला उदासीन म्हणतो तेव्हा एवढंच खरं असतं की तो स्वतः ऑक्सिजन देत नाही. असलेला ऑक्सिजन काढून नेणं त्याला जमत नाही.

हा सगळा हिशोब एका आलेखात बसतो. हॅरॉल्ड एलिंगहॅम यांनी १९४४ साली तो मांडला. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर ऑक्साइड बनताना सुटणारी मुक्त ऊर्जा (जितकी जास्त सुटते तितकी रेघ खाली), आणि प्रत्येक धातूची एक रेघ. चांदीची रेघ वर, त्याखाली तांबं, मग निकेल, कोबाल्ट, लोखंड, मँगनीज, आणि तळाशी टायटॅनियम, ॲल्युमिनियम. तुमच्या विभागात धातुशास्त्राचं कुठलंही पुस्तक असेल तर त्यात हा आलेख सापडेल. त्याची झेरॉक्स काढून भट्टीशेजारी लावा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नावर येऊ. सिलिंडरमध्ये कोणता वायू आहे हे बाजूला ठेवा. थेंबाभोवती कोणता वायू आहे ते विचारा. थेंब स्वतःसोबत वायू घेऊन येतो. निकेल नायट्रेट मोडताना नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो आणि सोबत ऑक्सिजनही. म्हणजे ऑक्सिजन तुमच्या मीठातच, निकेल नायट्रेटमध्येच, आहे. पाण्याचं तर प्रमाण ऐकून दचकाल. तुमचा नेब्युलायझर मिनिटाला किती पाणी उचलतो आणि वायूचा प्रवाह किती आहे, ते सांगा.

पैनगंगा_काठ
सर, पाणी मिनिटाला साधारण अर्धा मिलिलिटर. वायू मिनिटाला २ लिटर. नळीचा आतला व्यास ४ सेंमी, तापलेला भाग ५० सेंमी.

जुनी_भट्टी
उत्तम, सगळे आकडे आहेत.

अर्धा मिलिलिटर पाणी म्हणजे अर्धा ग्रॅम. त्याची वाफ झाली की खोलीच्या तापमानाच्या हिशोबाने जवळपास ०.७ लिटर होते. म्हणजे २ लिटर नायट्रोजनमध्ये दर मिनिटाला ०.७ लिटर वाफ मिसळतेय. तुमच्या नळीतला चौथा हिस्सा वाफ आहे! सिलिंडरवर नायट्रोजन लिहिलंय, पण थेंब तापतोय तो नायट्रोजन, वाफ, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि थोडा ऑक्सिजन यांच्या मिश्रणात.

वेळेचाही हिशोब करून टाकू. तापलेल्या भागाचं आकारमान सुमारे ६३० घन सेंमी. ७०० अंशांवर वायू सव्वातीन पट फुगतो, म्हणजे सेकंदाला ११० घन सेंमीच्या आसपास वाहतो. वाफ धरली नाही तर थेंबाला मिळतात पावणेसहा सेकंद, वाफ धरली तर चारच्या जरा वर. एवढ्यात पाणी उडायचं, मीठ साकळायचं, नायट्रेट मोडायचं, ऑक्साइडचा धातू व्हायचा आणि कण घट्ट व्हायचा. यातल्या प्रत्येक पायरीवर भोवतीच्या वायूचा हात असतो.

रजतनगरी
राम राम मंडळी. मी खामगावचा. शिकेल मानूस नाही, पन चांदीची मूस आमच्या घरी तीन पिढ्यांपासून तापते. तुमचं वाचून एक इचारतो. चांदी पातळ झाली की हवा पिते. मंग थंड होतानी थे हवा बाहीर फेकते, आन् वरचा पापुद्रा फाडून बारीक दाने उडतात. म्हनून आमी वरून कोयशाचा चुरा टाकतो, सवागी टाकतो. पन चांदी काळी काही पडत नाही, धातूच राह्यते. मंग निकेलच काहून असं करते?

जुनी_भट्टी
खामगावकर भाऊ, तुम्ही मुद्द्याच्या अगदी मुळाशी हात घातलात.

चांदीचा ऑक्साइड उष्णतेला टिकतच नाही. ३०० अंशांच्या आत तो मोडतो, तोही साध्या हवेत. त्यामुळे सिल्व्हर नायट्रेटचा फवारा हवेतून नेला, तरी पलीकडे निव्वळ चांदीची पूड मिळते. हायड्रोजन नको, नायट्रोजनही नको. एलिंगहॅमच्या आलेखात चांदीची रेघ वर का आहे, त्याचं हे उत्तर.

पण तुम्ही सांगितलेली दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. वितळलेली चांदी ऑक्सिजनचा ऑक्साइड करत नाही, तो नुसता विरघळवून ठेवते, आणि गोठताना बाहेर टाकते. म्हणजे चांदी करताना वायू बदलला तर पदार्थ तोच राहतो, पण कणाचं आतलं अंग बदलू शकतं: घट्ट की पोकळ, गुळगुळीत की खडबडीत. तुम्ही कोळशाचा चुरा टाकता तेव्हा मुशीवरचा ऑक्सिजन कोळसा खातो आणि तिथे कार्बन मोनॉक्साइड राहतो. मुशीवरचा वायू तुम्ही हाताने बदलताय. आमच्या पुडीच्या कामात आम्ही हेच नळीत करतो.

रजतनगरी
हाव, आता समजलं. पोराले दाखवतो हा धागा.

तुमसर_खाण
आमच्याकडे चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणी म्हणजे मँगनीजच मँगनीज. डोंगरी बुजुर्गचा मँगनीज डायऑक्साइड सुक्या बॅटरीत जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. मँगनीज नायट्रेट फवारलं तर काय मिळेल? धातू मिळेल का?

जुनी_भट्टी
धातू नाही. मँगनीजची रेघ एवढी खाली आहे की हायड्रोजन लावूनही तुम्ही हिरव्या मँगनस ऑक्साइडपर्यंतच येता.

पण तुमचा प्रश्न वेगळ्या अंगाने छान आहे, कारण मँगनीजमध्ये ऑक्साइडचेच जिने आहेत. हवेत कमी तापमानाला डायऑक्साइड. ५०० ते ५५० अंशांच्या पुढे त्यातला थोडा ऑक्सिजन सुटून दोन मँगनीजला तीन ऑक्सिजन अशा प्रमाणाचा ऑक्साइड. ९०० च्या आसपास आणखी सुटून तीनास चार. हवेऐवजी नायट्रोजन लावलात तर हेच जिने आणखी कमी तापमानाला उतरता येतात, कारण सुटलेला ऑक्सिजन परत ढकलणारं भोवती कोणी नसतं. म्हणजे ज्या धातूंना एकाहून जास्त ऑक्साइड आहेत, तिथे उदासीन वायूलाही मोठी किंमत आहे. बॅटरीचं साहित्य करणाऱ्यांनी तापमान ठरवण्याआधी वायू ठरवावा, असं माझं ठाम मत आहे.

निकेल ऑक्साइडच्या रंगातही हे दिसतं. अणूंचं प्रमाण एकास एक असेल तर तो हिरवा. कमी तापमानाला, ऑक्सिजनमध्ये केला तर जाळीत ऑक्सिजन जास्तीचा राहतो आणि तो काळा दिसतो. पैनगंगाताई, तुमच्या पुडीचा रंग दर वेळी वहीत लिहून ठेवा, फुकटची माहिती आहे ती.

चिमूरकर
लोखंडाचं सांगा ना सर. आमच्या गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात सूरजागडपासून सगळी चर्चा लोखंडाचीच.

जुनी_भट्टी
लोखंडाला आधी वाफेचा हिशोब नीट समजून घ्यावा लागतो.

हायड्रोजन ऑक्साइडमधला ऑक्सिजन घेतो आणि स्वतः पाणी होतो. भोवती पाणीच जास्त असेल तर गाडी उलटी फिरते. किती वाफ चालेल, हे पुन्हा धातूवर. ७०० अंशांच्या सुमारास निकेलला एक भाग हायड्रोजनमागे शंभराहून जास्त भाग वाफ चालते. तांब्याला तर त्याहून कितीतरी जास्त. लोखंडाला मात्र वाफ हायड्रोजनच्या जेमतेम निम्मी असावी लागते.

आता पैनगंगाताईंच्या नळीत ५ टक्के हायड्रोजनवालं मिश्रण लावलं असं धरा. मिनिटाला ०.१ लिटर हायड्रोजन, ०.७ लिटर वाफ. वाफ सात पट. निकेलला हे आरामात चालतं. तोच फवारा लोहाच्या मीठाचा असेल तर लोखंड मिळणार नाही, मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडपाशी अडकेल. आणि मॅग्नेटाइटची पूड काळी असते, चुंबकाला चिकटते. नुसतं चुंबक लावून कोणी लोखंड झालं असं लिहू नये, एक्स-रे विवर्तन (क्ष-किरणांनी पदार्थ ओळखायची चाचणी) केल्याशिवाय तर नाहीच. निकेलचं त्या मानाने सोपं: खोलीच्या तापमानाला निकेल चुंबकाला धरतो, निकेल ऑक्साइड धरत नाही.

वाफ नेहमी शत्रूच असते असंही नाही. पोलादाचे पत्रे हायड्रोक्लोरिक आम्लात धुतल्यावर उरलेलं आयर्न क्लोराइडचं पाणी तापलेल्या भट्टीत फवारतात. रूथनर पद्धत म्हणतात तिला. तिथे वाफ आणि ऑक्सिजन दोन्ही हवे असतात: वाफेतला हायड्रोजन क्लोरिनला घेऊन पुन्हा आम्ल बनवतो, ऑक्सिजन लोहाला घेऊन लाल ऑक्साइड बनवतो. आम्ल परत धुलाईला, ऑक्साइड फेराइटच्या, म्हणजे लोह ऑक्साइडपासूनच्या चुंबकी साहित्याच्या, कारखान्याला. फवाऱ्यातून ऑक्साइड बनवण्याचं इतकं मोठं काम जगात फार थोड्या ठिकाणी चालत असेल.

वरुड_संत्रा
सर, थेंब सुकण्याबद्दल बोला थोडं. एक एवढा बारीक थेंब, त्यातून कण केवढा निघतो?

जुनी_भट्टी
१.७ मेगाहर्ट्झचा नेब्युलायझर असेल तर पाण्याचा थेंब सुमारे ३ मायक्रॉनचा. ०.१ मोलर द्रावणात एका लिटरला ५.९ ग्रॅम निकेल. थेंबातला सगळा निकेल एका भरीव गोळीत आला तर ती पाव मायक्रॉनच्या जरा वर भरते. ऑक्साइडची गोळी थोडी मोठी, ०.३ मायक्रॉन. पण भरीव झाली तर!

तुम्ही संत्र्यावर फवारणी करता. मे महिन्यात दुपारी पंप चालवला तर बारीक थेंब पानावर पोचायच्या आत वाळतात, आणि पावसाळ्यात तोच थेंब पानावर ओला बसतो. नळीत तेच होतं. कोरड्या, गरम वायूत थेंब बाहेरून झपाट्याने सुकतो. आतलं मीठ मध्यभागी सरकायच्या आत कडेला कवच धरतं. मग आतलं पाणी उकळून कवच फुगवतं नाहीतर फोडतं, आणि पोकळ गोळे, टरफलं मिळतात. वायू आधीच ओलसर असेल आणि नळी टप्प्याटप्प्याने तापत असेल, तर सुकणं सावकाश होतं आणि भरीव कण मिळायची शक्यता वाढते. म्हणजे धातू करताना जी वाफ अडचण, तीच कणाचा आकार राखताना मदत.

वायू उष्णता किती पोचवतो, यानेही फरक पडतो. नायट्रोजन आणि हवा साधारण सारखे. आर्गॉन त्यांच्या दोन तृतीयांश. हीलियम सहा पट, हायड्रोजन सात पट. त्यामुळे नायट्रोजन काढून आर्गॉन लावला तर रसायन तेच राहील, पण थेंब तापण्याचा वेग बदलेल. सूक्ष्मदर्शकाखाली दोन पुडी वेगळ्या दिसल्या तर लगेच रासायनिक कारण शोधू नका.

वितळलेल्या धातूच्या फवाऱ्यातही, म्हणजे ॲटमायझेशनमध्ये, हाच खेळ आहे. ॲल्युमिनियमचा रस हवेच्या झोताने फोडला तर थेंबावर लगेच ऑक्साइडची साल धरते, तो गोल व्हायच्या आत गोठतो आणि वेडावाकडा कण मिळतो. उदासीन वायूने फोडला तर पृष्ठताणाला वेळ मिळतो, कण गोल येतो. टायटॅनियमला नायट्रोजन चालत नाही, तो त्याच्याशी संयोग करतो. तिथे आर्गॉनच. पण आर्गॉन धातूत विरघळत नाही, त्यामुळे कणात अडकला की बारीक पोकळी कायमची राहते. सगळीकडे चालेल असा वायू नाही.

पैनगंगा_काठ
सर, माझं निकेल? हायड्रोजनशिवाय?

जुनी_भट्टी
दोन मार्ग आहेत.

एक, ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजनचं तयार मिश्रण. शुद्ध हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के असला की पेटू शकतो. हे मिश्रण मुळातच इतकं विरळ आहे की गळून हवेत मिसळलं, तरी पेटायला पुरेसा ऑक्सिजन येईपर्यंत हायड्रोजन आणखी विरळ होतो आणि पेट घेणाऱ्या मर्यादेत येत नाही. तुमच्या सरांना हा फरक समजावून सांगा, कदाचित परवानगी मिळेल.

दुसरा मार्ग थेंबातूनच. द्रावणाच्या पाण्यात इथेनॉल मिसळायचं आणि वाहता वायू नायट्रोजन ठेवायचा. तापलेल्या नळीत इथेनॉल मोडून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड देतो. ऑक्सिजन खेचणारा वायू मग सिलिंडरमधून आणावा लागत नाही, तो थेंबाभोवतीच तयार होतो. तांबं आणि निकेल या रीतीने करता येतात, संशोधकांनी ते करून दाखवलंय. लोखंडासाठी मात्र यावर विसंबू नका, वाफेचं गणित वर दिलंच आहे.

प्रमाण हळूहळू वाढवत न्या. इथेनॉल कमी पडला तर ऑक्साइड उरेल, फार झाला तर कार्बनची काजळी पुडीत येईल. तापमानही ७०० वरून थोडं वर न्यावं लागेल, कारण इथेनॉल मोडायला आणि ऑक्साइडचा धातू व्हायला मिळून चार-पाच सेकंदच आहेत. नाहीतर प्रवाह कमी करा.

बुटीबोरी_सुरक्षा
मी कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो. ताई, हे कळकळीने सांगतोय.

इथेनॉलचं धुकं आणि हवा हे मिश्रण स्फोटक आहे. इथेनॉल घातलेलं द्रावण कॉम्प्रेसरच्या हवेवर कधीच चालवायचं नाही. आधी नळी नायट्रोजनने भरपूर धुऊन घ्या, मगच नेब्युलायझर सुरू करा. बंद करतानाही आधी धुकं, मग भट्टी, आणि नळी गार होईपर्यंत नायट्रोजन चालू. लाइट गेली तर काय करायचं ते आधीच ठरवून भिंतीवर लिहा. आपल्याकडे लाइट जाणं ही शक्यता नव्हे, रोजची बाब आहे, आणि सिलिंडरला लाइट लागत नाही, एवढा फायदा घ्या.

निघणारा वायू धूर-कपाटातून आणि अल्कलीच्या पाण्यातून बाहेर सोडा. नायट्रोजन डायऑक्साइडचा त्रास काही वेळा तासांनंतर उठतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नाही, आणि अल्कलीचं पाणी त्याला अडवत नाही, तो बाहेरच गेला पाहिजे. निकेलची बारीक पूड श्वासात जाणं कर्करोगाला आमंत्रण. साधा कापडी मास्क चालणार नाही.

पैनगंगा_काठ
हे सगळं छापून विभागात लावते. शेवटचं एक: पूड धातूची झाली, तरी फिल्टर उघडताना हवा लागणारच ना?

जुनी_भट्टी
बरोबर पकडलंत. पाव मायक्रॉनचा निकेल गरम असताना हवेत आला तर पुन्हा ऑक्साइड होतो, आणि ढीग असेल तर स्वतःहून तापून पेटूही शकतो. फिल्टर नायट्रोजनमध्येच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. त्यानंतर नायट्रोजनमध्ये थोडी हवा सोडून हळूहळू वाढवा, म्हणजे कणांवर पातळ साल धरते आणि आतला धातू सुरक्षित राहतो. पूड जास्त प्रमाणात एकदम उघडू नका.

फिल्टर वाफेच्या दवबिंदूच्या वर गरम ठेवा, हेही विसरू नका. नळीत चौथा हिस्सा वाफ आहे. एवढ्या वाफेचा दवबिंदू ६५ अंशांच्या आसपास. फिल्टर थंड असेल तर तिथे पाणी साचेल, नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात विरघळून नायट्रिक आम्ल होईल आणि तुमचा धातू पुन्हा निकेल नायट्रेट होऊन बसेल. फिल्टरच्या घराला हीटिंग टेप गुंडाळा, ११० ते १२० अंश पुरे. धुकं बंद केल्यावर कोरडा नायट्रोजन काही वेळ जाऊ द्या, मग टेप बंद करा.

पैनगंगा_काठ
हीटिंग टेप विभागात आहे. आधी तयार मिश्रणासाठी अर्ज देते, तो अडला तर इथेनॉल. दोन्ही पुडींचे एक्स-रे आलेख आले की इथेच टाकते.